वाट एकीची, पाय दोघींचं

बा आणि चुलतभावानं घोंगडीची झोळी केली, ती बांबूला बांधली आणि मला तीत घालून बांबू खांद्यावर घेतला. साखरशेतच्या आमच्या पाड्यावरून मी अशी निघाले, स्वतःच्या पायांनी नाही. करवंदं पिकायचे दिवस होते. झोळीतून मला नुसतं आभाळ दिसत होतं. त्या आभाळात मध्येच आयचं तोंड आलं.

"मागं बघू नको, बाय," ती म्हणाली. "तू बघशील, तर ती तुझ्यासंगं येल."

ती म्हणजे भिवरी, माझी मोठी बहीण. त्या उन्हाळ्यात पाड्यावर देवीची साथ आली. आम्हा दोघींना बरोबरच ताप चढला. घरातल्या एका कोपऱ्यात आम्हाला शेजारी शेजारी निजवलं आणि दाराला निंबाचे डहाळे लावले. अंगभर फोड आले, डोळे चिकटले. मला काही दिसेना, म्हणून मी तिच्याशी बोलत राहायचे. तीही बोलायची. एका दुपारी ती गप्प झाली. झोप लागली असेल असं समजून मी बोलतच राहिले. किती वेळ, कोण जाणे. आय पेज घेऊन आली आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या आवाजावरून मला कळलं.

पुढे माझा ताप उतरला, फोड वाळले, डोळे उघडले. पण माझं बोलणं गेलं. पाय काटक्यांसारखे झाले होते आणि त्यांच्यावर उभं राहावं असं मला वाटतही नव्हतं. माझा मामा नाशकात एका शाळेत शिपाई होता. तो भेटायला आला, मला बघितलं आणि बाला म्हणाला, "इथं राहिली तर ही पण जाईल. माझ्याकडं दे."

जव्हारच्या बाजारात आम्ही लाकडाच्या लॉरीची वाट बघत बसलो. जो तो एकच बोलत होता, संस्थान विलीन झालं. बानं एकाला विचारलं, "म्हंजे राजा मेला का?"

"नाही रे बाबा. राज्य मुंबई सरकारात मिसळलं."

"मिसळलं," बा स्वतःशीच म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

लॉरी हलली तेव्हा मामाला टेकून मी मागं बघितलं. धुळीत बा उभा होता. त्याच्या शेजारून कुणीतरी पळत सुटलं, लॉरीच्या मागोमाग, परकर वर खोचून. मोखाडा गेलं, पुढचा घाट गेला, तरी धूळ आमच्या मागं येतच होती.

नाशिक मला आवाजांचं गाव वाटलं. टांगे, देवळांतल्या घंटा, नळावर लागलेल्या बादल्या. मामाची एकच खोली होती. मामी माझ्या ताटात वाढून समोर बसायची आणि मी जेवेपर्यंत उठायची नाही. डॉक्टर म्हणाले, हिला रोज चालवा. मग मामा शाळेत जायच्या आधी, पहाटेच मला गोदावरीच्या काठाकाठानं न्यायचा. मी त्याचा हात धरून चालायचे. झाडं, पाणी, माणसं सगळं कापडाआडून बघावं तसं दिसायचं.

एका सकाळी पुढं एक मुलगी चालली होती. भिवरीसारखीच एका बाजूला झुकून, जसा डोक्यावर हंडा आहे. मी मामाचा हात सोडला आणि पळाले.

"भिवरे! ए भिवरे!"

मुलगी वळली. कुणी वेगळीच होती. माझ्या तोंडावरचे वण बघून ती दचकली आणि निघून गेली. मी धापा टाकत उभी राहिले. मागून मामा आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "बोललीस," तो म्हणाला. "अगं, पळालीस पण!"

त्या दिवसापासून मी रोज धावू लागले. मामी म्हणायची, "एवढी मोठी पोर रस्त्यानं धावते, लोक हसतात." मामा म्हणायचा, "हसू देत. आपली पोर उभी राहिली ना!"

खरं सांगू? मी एकटी धावत नव्हते. दम लागला की माझ्या पावलांमागं आणखी दोन पावलं वाजायची, हलकी, अनवाणी. मी वळून बघत नसे. तिच्याशी बोलायचे. त्या बोलण्याला पावलांचा ठेका लागायचा आणि त्याच्या ओळी व्हायच्या. मामानं मला त्याच्याच शाळेत घातलं होतं; घरी येऊन मी त्या पाटीवर लिहायचे:

वाट एकीची, पाय दोघींचं,
दम मला लागतो, हसू तिला येतं.

शाळेतल्या सुमतीबाईंनी एकदा ती पाटी वाचली. आम्हा डोंगरातल्या मुलांचं बोलणं त्या एरवी सुधारायच्या. मी म्हटलं, "बाई, चुकलंय का?" त्यांनी खडू उचलला आणि परत ठेवला. "शुद्ध नाहीये," त्या म्हणाल्या. "पण याला हात लावायचा नाही. तूसुद्धा लावू नकोस."

मग एका पहाटे, माझी ट्रेनिंग कॉलेजची परीक्षा जवळ आली होती तेव्हा, मी पुलापर्यंत धावत गेले आणि थांबले. मागं काहीच वाजलं नव्हतं. मी तशीच परत धावत आले, पुन्हा गेले. फक्त माझे पाय वाजत होते. घाटाच्या पायरीवर बसून मी रडले. भिवरी गेल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काठावर बाया कपडे धूत होत्या. एकीनं माझ्या हातावर ओंजळभर पाणी ओतलं आणि ती कामाला लागली.

त्याच पावसाळ्यात मी साखरशेतला गेले. भाताची लावणी चालू होती. आय चिखलातून वर आली, हात पुसले आणि माझ्या तोंडावरच्या एकेका वणावरून बोट फिरवत राहिली.

"तिच्या पण अशाच राह्यल्या असत्या खुणा," ती म्हणाली.

मी तिला पाटीवरच्या ओळी म्हणून दाखवल्या. तिनं पुन्हा म्हणायला लावल्या, मग पुन्हा. बा ओसरीवर बसून ऐकत होता. त्या घरात भिवरीचं नाव इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी चुलीपाशी आम्ही तिच्याबद्दलच बोललो. ती कशी रुसायची, नाचणीची भाकर कशी करपवायची. हसलोही.

साखरशेतला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे ठाण्या-नाशकाला पांगलेल्यांनो, लोक मला विचारतात, बाई, तुमचं घर कुठलं? माझा संसार नाशकात झाला, मुलं इथली, मी शिकवलेल्या मुलींना आता नातवंडं आहेत. पण प्रश्न आला की मला त्या भेटीतली दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. मी पाड्याबाहेरच्या वाटेनं धावत निघाले होते. पाण्याला निघालेल्या बाया बाजूला झाल्या. एका म्हातारीनं डोळे बारीक करून हाक मारली, "कोण गं ही पळते?"

मी उत्तर द्यायच्या आधीच दुसरी बोलली, "वळखली नाहीस? आपल्या भिवरीची बहीण ना ती!"

नाशकात मला सगळे ओळखतात. आम्ही दोघी होतो, हे साखरशेतलाच ठाऊक आहे.