कोरड्या हवेची परीक्षा

निसर्गाचे नियम कोणाची भीड धरत नाहीत. ते बादशहाला आणि भिश्त्याला सारखेच लागू असतात. हे वाक्य मी नागपूरहून आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांसमोर म्हटलं, नळीत कोरडी हवा सोडली, आणि जो काटा हलायला नको होता तो सरळ खाली गेला.

बुऱ्हाणपूरच्या एका हायस्कुलात मी तेव्हा टेम्पररी सायन्स मास्तर होतो. साहेबांचा शेरा चांगला आला तर मी कायम होणार होतो. वाईट आला तर सायन्सची खोली ड्रॉइंगला जाणार होती आणि मी घरी.

प्रयोग साधा होता. पितळी नळीच्या एका टोकाशी उकळत्या पाण्याचं भांडं. त्यातून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण निघतात. त्यांना अवरक्त म्हणतात. दुसऱ्या टोकाशी थर्मोपाइल, म्हणजे दोन धातूंचे जोड. ऊब लागली की ते किंचित वीज देतात आणि काटा चढतो. नळीची तोंडं सैंधवाच्या चकत्यांनी बंद केलेली, कारण काच हे किरण अडवते, सैंधव सोडतं. पंपाने नळी रिकामी करायची, मग एकेक वायू आत घ्यायचा. काटा उतरला तर वायूने उष्णता गिळली.

कोरडी हवा ती गिळत नाही. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या रेणूत एकाच जातीचे दोन अणू असतात. ते कितीही हलले तरी विजेचा तोल ढळत नाही, त्यामुळे किरणांना धरायला जागा नसते. कार्बन डायऑक्साइडमध्ये तीन अणू. ते वाकतात, ताणतात, तोल ढळतो. किरणांचा ठेका त्यांच्या ठेक्याशी जुळला की किरण तिथेच संपतात.

"बुऱ्हाणपूरची हवा वेगळी असते का, मास्तर?" साहेबांनी विचारलं.

"पुन्हा करतो, साहेब."

पुन्हा तेच. जरीची पगडी घातलेले हेडमास्तर मागून कुजबुजले, "मास्तर, काटा खालीच जाऊन राहिला. बरोबर आहे ना?"

"नाही."

"मग बरोबर आहे म्हणून सांगून टाका ना."

मी एकेक जोड तपासला. गळती नव्हती. हवेतला ओलावा शोषायला कळीचा चुना होता, तोही ताजा. चुन्याच्या नळीच्या तोंडाशी धूळ अडवायला कापसाचा बोळा असतो. तो ओढला तर बोटं तेलकट झाली.

"याला अत्तर कोणी लावलं?"

"मी," हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही फाटकावर साहेबांना घ्यायला गेलते ना, तेव्हा. फाया कोरडाच दिसला. सगळ्यांना दिलं, मग यंत्रालाच बिगर अत्तराचं कसं ठेवायचं?"

आमच्या गावात पाहुण्याच्या कानात फाया गेल्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. त्यांनी यंत्रालाही पाहुणा मानलं होतं. रागवायचं कशावर?

"साहेब, अत्तराच्या रेणूत अणूंचा मोठा गोतावळा असतो," मी म्हणालो. "थोडी वाफही पुष्कळ उष्णता गिळते. काटा खरंच बोलत होता."

कापूस, चुना बदलला, नळी धुऊन वाळवली, खिडकीबाहेरची हवा घेतली. काटा जागचा हलला नाही. मग कार्बन डायऑक्साइड सोडला. काटा उतरला. साहेब पहिल्यांदाच खुर्चीतून पुढे वाकले.

"याचा उपयोग काय?"

"जमीन तापते आणि हेच किरण वर सोडते. हवेतली पाण्याची वाफ आणि हा वायू त्यातले बरेच अडवतात, काही परत खाली धाडतात. नाहीतर तापीचा बर्फ झाला असता. कोळसा जाळून आपण हे पांघरूण जाड करतोय, असंही काही लोक म्हणतात."

"आधीच मे महिना सोसवत नाही," हेडमास्तर काळजीने म्हणाले. "त्यांना थांबायला सांगा ना, साहेब."

साहेबांनी ते आपल्या अखत्यारीत नसल्याचं सांगितलं.

मी कायम झालो. तेव्हापासून कोणताही प्रयोग करण्याआधी मी यंत्राचा वास घेतो; पुस्तकात ही पायरी दिलेली नसते.

स्टेशनवर हेडमास्तरांनी साहेबांना हळूच विचारलं, "अत्तर पसंत पडलं ना?"

"त्याला वास होता का?" साहेब रुमाल काढत म्हणाले. "नागपूरपासून नाक चोंदलंय माझं."