आमच्या चाळीच्या वेबसाइटला डस्टर आहे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात पिशवीत पिशव्या साठतात तसे ते साठतात, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळे अंगावर! माझ्याकडे सध्या आमच्या चाळीच्या वेबसाइटचे इतके साठलेत, की ऑफिसात मी डबा उघडला की आजूबाजूच्या खुर्च्या सरकायला लागतात. माझ्या भाजीसाठी कोणी येत नाही, एवढं मला कळतं.

आधी थोडं सांगायला हवं. आमची चाळ परळची, लालबागच्या अंगाला. ती पुनर्विकासात गेली. गणपती झाले की खोल्या रिकाम्या करायच्या आणि नवी इमारत होईपर्यंत ज्याने त्याने भाड्याने राहायचं, असं ठरलं. कोणी विरारला जागा बघत होतं, कोणी बदलापूरला. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा सावंत, निवृत्त हेडक्लार्क, यांनी निरोपाच्या कार्यक्रमासाठी चाळीच्या इतिहासाचं प्रेझेंटेशन केलं होतं. ते बघून सगळे रडले आणि अण्णांनाच धास्ती बसली.

"बाजूची चाळ गेली तेव्हा काय झालं बघितलंस ना? माणसं पांगली ती पांगलीच. आता कोण गेलं, कोणाला नातवंड झालं, काही कळत नाही. आपलं तसं नको. तू ह्याची वेबसाइट कर. आणि तिच्यात प्रत्येकाला लिहिता आलं पाहिजे, कुठेही राहिला तरी."

मी कंपन्यांच्या वेबसाइट करते. म्हटलं, अण्णा, दोन रविवारांचं काम. इतकं चुकीचं एस्टिमेट मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

*

पहिल्या रविवारी मी आळस केला. अण्णांच्या स्लाइड्सचे फोटो काढले, एकाखाली एक लावले आणि लिंक पाठवून दिली. दिसायला अगदी टापटीप.

पहिल्या मजल्यावरच्या सुलूकाकी फोन घेऊन वर आल्या. काकी मूळच्या मालवणच्या, आणि त्यांच्या घरात अजून तीच भाषा. 'चाळीच्या सुना' या स्लाइडवर त्या बोट दाबून धरत होत्या, काहीच होत नव्हतं.

"गो बाय, ह्यात माझ्या सुनेचा नाव खंय घालू?"

म्हटलं, काकी, ते आत्ता बदलता येणार नाही.

"मगे ही कसली वेबसाइट? हो तर नुसतो फोटो. फोटो माझ्या भिंतीर काय कमी आसत?"

आमच्या ऑफिसात टेस्टिंगची अख्खी टीम आहे. इतका थेट रिपोर्ट त्यांच्याकडून कधी आला नाही. मी सगळं खोडून पुन्हा सुरुवात केली.

*

अण्णांच्या प्रेझेंटेशनमध्ये प्रत्येक अक्षर डावीकडून उडत यायचं, आणि ओळ पूर्ण झाली की टाळ्या वाजायच्या. वेबसाइटवर अक्षरं आधीपासूनच जागेवर बसलेली बघून अण्णा नाराज झाले.

"अगं, ह्यात येण्यात काही मजाच नाही. पाहुणे घरात आधीच येऊन बसल्यासारखं वाटतं."

ते एक वेळ मी पटवलं. पण शेवटची स्लाइड! गुलाबाचं फूल, खाली 'धन्यवाद. चहापानाची सोय गच्चीवर आहे.' म्हटलं, अण्णा, वेबसाइटला शेवट नसतो, लोक हवं तिथून आत येतात आणि हवं तिथून जातात.

"धन्यवाद आल्याशिवाय माणसं उठणार कशी?"

गुलाब आता प्रत्येक पानाच्या तळाशी आहे, चहापानासकट. नागपूरला दिलेली चाळीची एक लेक दर वेळी साइट बघून अण्णांना फोन करते आणि म्हणते, "अण्णा, गच्चीवर आलेय. साखर कमी घाला."

*

मग पासवर्डचा विषय निघाला. वेगवेगळे दिले तर कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून सगळ्यांना मिळून एकच. तो गुप्त ठेवायचा, हे मी मीटिंगमध्ये बजावून सांगितलं.

आमच्या चाळीच्या दारात एक फळा होता. सत्यनारायण, हरवलेली चावी, दहावीचे निकाल, सगळं त्यावर. लिहायचे कांबळेकाका. छापल्यासारखं अक्षर, आणि रोज सकाळी आंघोळ करून फळा लिहिल्याशिवाय ते चहा घेत नसत. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर रस्त्यावरून वाचता येईल इतक्या ठळक अक्षरात त्यांनी लिहिलेलं: 'सर्व भाडेकरूंस कळविण्यात येते की, वेबसाइटचा पासवर्ड पुढीलप्रमाणे आहे. तो कृपया बाहेरच्या कोणासही सांगू नये.'

संध्याकाळपर्यंत समोरच्या चाळीतली पोरं आत शिरली होती. बाकी कशाला हात लावला नव्हता, फक्त आमच्या गोविंदा पथकाच्या पानावर एका जुन्या वर्षासमोर 'सात थर' होतं तिथे 'सहा थर आणि सातव्याची इच्छा' असं केलं होतं. मी चिडून अण्णांकडे गेले. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "राहू दे. त्या वर्षी मी खालच्या थरात होतो. वर कितवा लागला ते मला तरी कुठे दिसलं?"

*

पासवर्ड बदलला. पण मग रोज सकाळी होमपेज कोरं व्हायला लागलं. चाळीचा फोटो गायब, इतिहास गायब, मध्यभागी एकच ओळ: 'श्रमाशिवाय फळ नाही.' मी जुनं पान परत आणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं, नवी ओळ.

मला वाटलं, पुन्हा समोरची पोरं. पण पोरं कशाला सुविचार लिहितील? शेवटी कांबळेकाकांकडे गेले.

"मीच पुसतो," काका शांतपणे म्हणाले. "कालचं पुसल्याशिवाय आजचं कसं लिहायचं? तू तर म्हणालीस, हा आपला नवा फळा."

म्हणाले होते खरी. म्हटलं, काका, तुम्हाला आत वेगळं पान देते. तर म्हणाले, "फळा दारात असतो बाळा. आतल्या खोलीत लावून वाचणार कोण?"

मुद्दा बरोबर होता. मी होमपेजच्या वरच्या भागात काळी पट्टी केली आणि पांढरी अक्षरं दिली. काकांनी सगळं नीट पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "डस्टर कुठे आहे?"

आमच्या वेबसाइटवर 'डिलीट' असं कुठेही लिहिलेलं नाही. सगळीकडे 'डस्टर' आहे.

*

चाळीत पहिला टीव्ही कोणाकडे आला, ह्यावर जुना वाद. अण्णांच्या स्लाइडवर अर्थातच अण्णांच्या वडिलांचं नाव होतं. लिहिता येतंय म्हटल्यावर सुलूकाकींनी ते काढून आपल्या सासऱ्यांचं घातलं. अण्णांनी ते काढलं. काकींनी परत घातलं. दिवसभर एवढंच चाललं होतं. दोघं जिन्यात भेटले तर मात्र "जेवलात?" "जेवलो," एवढं व्यवस्थित.

मी म्हटलं, मी पान लॉक करते. दोघंही माझ्यावरच उखडले. मग अण्णांनी तोडगा काढला, आणि तो काकींनाही लगेच पटला, कारण गणपतीच्या आरतीचा मान आमच्याकडे तसाच फिरायचा.

तेव्हापासून सम तारखेला पहिला टीव्ही पहिल्या मजल्यावर आला, आणि विषम तारखेला दुसऱ्या.

*

गणपती झाले. चाळ रिकामी झाली. अण्णा विरारला गेले, कांबळेकाका मुलाकडे बदलापूरला, सुलूकाकी डोंबिवलीला, मी माटुंग्याला एका खोलीत.

आणि वेबसाइटवर शुकशुकाट. फळ्यावर निघायच्या दिवशीचाच सुविचार. टीव्ही सम तारखेलाही दुसऱ्या मजल्यावरच, आणि काकी चकार शब्द काढत नाहीत, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. अण्णा दर रविवारी फोन करायचे. "कोणी काही लिहिलं?" म्हटलं, नाही अण्णा. "बरं, बरं. नव्या जागी लावालावी असते लोकांना." आणि मग "ठेवतो."

आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं आणि नळ मजल्यावर एकच. ज्याला आधी जाग यायची तो गॅलरीत उभा राहून ओरडायचा, की सगळा मजला कळश्या घेऊन बाहेर. आता सगळ्यांच्या घरात टाकीचं पाणी आहे, नळ सोडला की येतं. पहाटे उठायचं कोणाला काही कारण उरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पहाटे माझा फोन वाजायला लागला. साइटवर कोणी काही बदललं की मला मेसेज येतो. उघडून बघितलं तर होमपेजवर दोनच शब्द: 'पाणी आलं.' खाली नाव नाही, आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच.

मी बघत होते तोवर खाली ओळी यायला लागल्या. ह्यांनी मात्र नावं घातली होती.

'आज फोर्स कमी आहे. – कांबळे.'

'माझ्या कळशेक कोणी हात लावू नकात. – सुलू.'

'हळू बोला, बाळ आत्ताच झोपलंय. – तळमजला.'

मी अंथरुणात उठून बसले.

'माझी बादली लायनीत ठेवा. आलोच. – अण्णा.'