मोबाइलमधला दीपस्तंभ

मोताळ्याच्या शाळेतून मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपाचं भाषण करायला माझा सहकारी उभा राहिला. बुलढाण्याहून आम्ही दोघं रोज त्याच्याच मोटरसायकलवर यायचो. त्यानं मोबाइल काढून वाचायला सुरुवात केली.

"सर केवळ शिक्षक नव्हते, तर एक दीपस्तंभ होते. त्यांचं समर्पण, संयम आणि सकारात्मकता..."

मोताळ्यात कसला आलाय दीपस्तंभ? आणि संयम? मी पोरांना खडू फेकून मारणारा माणूस! पुढेही तेच, प्रत्येक वाक्यात 'केवळ' नि 'तर', आणि गुणांच्या तीन-तीनच्या जुड्या. भाषण मशीननं लिहिलेलं होतं. मला तर स्वतःच्याच शोकसभेत बसल्यासारखं वाटू लागलं.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला आणि स्क्रीनवरचं भाषण गेलं, ते काही परत सापडेना. त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"जाऊ द्या. हा माणूस लय खडूस आहे. रोज मांगं बसून राजूर घाटात गिअर कधी बदलाचा, हे मलेच शिकवते. उद्यापासून मांगून कोण खेकसन?"

सगळे हसले. माझा जीव भांड्यात पडला. निरोप माझाच होता.

मी खुर्चीतूनच खेकसलो, "चढावर दुसरा टाकत जा!"