ज्याचे दोन्ही घोडे जगले

तबेल्यात त्याला सगळे पुटपुट्या म्हणत. माणसांशी बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. घोड्यांशी मात्र सकाळच्या खराऱ्यापासून संध्याकाळच्या चाऱ्यापर्यंत अखंड बडबड. अठ्ठावीस वर्षं मोतद्दारी केलेला माणूस. त्याच्याकडे दोन जनावरं होती. एक शर्यतीची घोडी, जिचं कागदावरचं नाव एका श्वासात घेता येत नसे. तो तिला बयो म्हणे. दुसरा, नवख्या घोड्यांना धावपट्टीपर्यंत सोबत करणारा म्हातारा. त्याचं नाव म्हाताराच.

त्या वर्षी मालकांच्या मेहुण्यांनी तबेल्याचा खुराक हाती घेतला. याआधी त्यांनी पडद्यांचा, लिफ्टचा आणि शाळेच्या बाकांचा धंदा हाती घेऊन सोडला होता. हिरवट गोळ्यांची पोती आली. मेहुण्यांनी सगळ्यांसमोर एक गोळी चावून दाखवली आणि घोड्याला लागतं ते सगळं यात आहे, असं सांगितलं. म्हाताऱ्याला मात्र त्या मिळायच्या नव्हत्या. जो धावत नाही त्याला इतकं पौष्टिक कशाला? तो आपला वाळलेल्या गवतावर आणि भरडलेल्या जवावर राहिला.

बयोनं गोळ्या हुंगल्या आणि तोंड फिरवलं. पुटपुट्यानं तिची समजूत घातली, मग तो रागावला, आणि शेवटी म्हाताऱ्याच्या वाटणीतले चार घास तिच्यापुढे टाकले. पुढे तेच रोजचं झालं. ट्रेनरसाहेबांच्या कानावर घालायला हवं होतं, पण त्यासाठी माणसाशी बोलावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी शेजारच्या ठाणातला, करंडक जिंकलेला घोडा खाणं टाकून उभा राहिला. घामानं निथळत होता, मागचे पाय लटपटत होते. डॉक्टर येईस्तोवर तो खाली बसला, आणि दुपारच्या आत गेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेले. चौथा धावपट्टीवर कोसळला, स्वार पाठीवर असताना.

मग जाणकार जमले. एक डॉक्टर म्हणाले, उष्माघात, आणि त्यांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. दुसरे म्हणाले, साथ, आणि त्यांनी त्या बंद करायला लावल्या. मेहुण्यांनी मोतद्दारांच्या अस्वच्छ हातांवर खापर फोडलं. साबणाची खोकी दुसऱ्याच दिवशी आली. पुरवणारे अर्थात मेहुणेच. आणि जनावरांना अशक्तपणा आलाय म्हणून गोळ्यांचं माप वाढवण्यात आलं.

सहावा घोडा गेला तेव्हा ट्रेनरसाहेबांच्या लक्षात आलं की एकाच मोतद्दाराची दोन्ही जनावरं ठणठणीत आहेत. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, या माणसाला जरा विचारावं. साहेबांना वाटलं, याला धरावं.

चौकशी समितीत पाच जण होते आणि मधोमध बिस्किटांची बशी. आधी त्याच्या खिशांची झडती झाली. एक दोरी, खूर साफ करायचा आकडा, साखरेचे दोन खडे. साखर कागदात गुंडाळून तपासणीला पाठवली. गोळ्या तपासाव्यात असं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाकीचे मेले, मग तुझेच कसे जगले?" अध्यक्षांनी विचारलं.

पुटपुट्या म्हणाला, "त्यांनी गोळ्या नाही खाल्ल्या, साहेब."

मेहुणे म्हणाले की आपण स्वतः खाल्ली होती आणि आपल्याला काही झालेलं नाही. अध्यक्षांना हा पुरावा फार पटला. परवानगीशिवाय खुराक बदलल्याबद्दल पुटपुट्याला घरी बसवलं, आणि बयोला यापुढे सगळ्यांसारखंच द्यावं असा हुकूम निघाला. निघताना त्यानं पोत्यातल्या मूठभर गोळ्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. झडती आधीच झालेली होती.

त्याची बायको कोंबड्यांच्या शेडवर कामाला होती. दोन दिवस नवरा घरात नुसता येरझारा घालतोय हे बघून तिनं त्याचा सदरा धुवायला घेतला आणि खिशात हात घातला.

"अहो, हे आमच्या कोंबड्यांचं खाद्य तुमच्या खिशात कसं?"

त्यानं सांगितलं. तिनं गोळ्यांचा वास घेतला. त्याच कारखान्याचा माल होता, यात तिला शंका नव्हती. "आमच्या पोत्यावर ठळक छापलंय, घोड्यांना देऊ नये म्हणून. कोंबड्यांचं औषध असतं त्यात, घोड्याला ते विष. मशीन तेच, धुतलं नसणार मेल्यांनी. तुमचे पाच साहेब काय करतायत मग?"

"बसलेत," तो म्हणाला.

शेडवरचं एक रिकामं पोतं काखोटीला मारून ती त्याच्यासोबत तबेल्यावर गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी ती हुज्जत घालत असताना पुटपुट्या त्याच्या मागून आत सटकला आणि थेट बयोकडे पळाला. गव्हाण काठोकाठ भरलेली, दोन दिवसांची. घोडीनं एकाही गोळीला तोंड लावलेलं नव्हतं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. त्यानं गव्हाण उपडी केली आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडला.

तिकडे बायकोनं पहारेकऱ्याला बाजूला सारून समितीच्या टेबलावर, बिस्किटांच्या बशीवरच, पोतं पसरलं आणि अध्यक्षांना मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांचा आवाज खोल गेला होता.

गोळ्या तपासणीला गेल्या. उत्तर आलं ते मालकांनी वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. झालं तरी मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. समितीच्या अहवालात 'अज्ञात आजार' असं आलं, आणि वेळीच खुराक बदलल्याबद्दल ट्रेनरसाहेबांचं कौतुक. पुटपुट्याला कामावर परत बोलावलं. चुकलो असं कुणी म्हणालं नाही. पहारेकरी त्याचे खिसे चाचपेनासा झाला, एवढंच.

पावसाळा सरल्यावर तबेल्याच्या दारात सहा घोड्यांच्या नावांचा संगमरवरी दगड बसवला. खाली कोरलेलं होतं, 'अज्ञात आजाराने दगावले'. दगड मेहुण्यांनी पुरवला. तो रोज पुसायचं काम पुटपुट्याकडे आलं. तो सहाही नावं ओल्या फडक्यानं लख्ख पुसतो, प्रत्येकाशी काहीतरी बोलतो, आणि खालच्या ओळीला हात लावत नाही. एकदा ट्रेनरसाहेबांनी थांबून विचारलं, ती ओळ अशी मातीनं का भरलीय.

"नाही निघत, साहेब," तो म्हणाला, आणि बादली उचलून बयोकडे गेला.