कप्तानाची टोपी

खालच्या मजल्यावरचे अमेरिकन आजोबा पूर्वी लोकल चॅनेलवर कप्तान बनून मुलांना कार्टून दाखवायचे. चॅनेलनं तो कार्यक्रम केव्हाच बंद केला, आजोबांनी नाही. ईडन प्रेरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी तीच कप्तानाची टोपी घालून ते टीव्हीशेजारी ताठ उभे राहतात आणि दरडावतात, "दात घासले का?" मुलं लगेच ओरडून उत्तर देतात. तरी डीव्हीडी लावण्याआधी आजोबा अंमळ थांबतातच.

परवा हिमवादळात एकटी माझी लेक पोचली. मी म्हटलं, "आज कॅन्सल करा ना, ही एकटीच आहे."

"स्टुडिओत तर एकही मूल नसायचं. समोर नुसता कॅमेरा. मुलं आपापल्या घरून उत्तर द्यायची." त्यांनी टोपी नीट बसवली. "दात घासले का?"

"येस, कॅप्टन!"

तरी आजोबा थांबले. घरी अडकलेल्या मुलांची उत्तरं यायची होती.