येणाऱ्याची जागा

हमीदभाई फोटोसाठी माणसं ओळीत उभी करायचे आणि बरोबर मधोमध एक खिंडार ठेवायचे. नवख्याला वाटे, या माणसाला साधा ग्रुप लावता येत नाही. मलाही तसंच वाटलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी धाटावच्या एका कंपनीत टर्नर म्हणून नुकता लागलो होतो आणि गेटपासच्या फोटोसाठी रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीला त्यांच्या स्टुडिओत गेलो होतो. आत एक कुटुंब उभं होतं. नको तिथे नाक खुपसायची सवय असल्यामुळे मी म्हणालो, मधली मंडळी जरा सरकली तर बरं दिसेल. हमीदभाईंनी कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता मला गप्प केलं.

"ती जागा भरलेली हाय. माणूस दुबईला हाय, येणार हाय."

आजूबाजूच्या कितीतरी घरांतला एखादा तरी कर्ता माणूस तेव्हा आखातात होता. ईदेला किंवा लग्नाला काढलेला फोटो पाकिटातून त्याच्याकडे जायचा, आणि आपण कुठे उभे असतो हे त्याला त्यात दिसायचं. आधी हमीदभाई ही जागा कडेला सोडत. पण रोल धुवायला पेणच्या लॅबमध्ये जायचे, आणि तिथल्या कारागिराने एकदा फोटो मोठा करताना कडेची रिकामी भिंत निरुपयोगी समजून कापून टाकली. त्या घरातली बाई फोटो हातात घेऊन स्टुडिओत येऊन रडली. तेव्हापासून जागा मध्ये गेली. "मधलं कापायची कुणाची छाती नाय होत," असं ते म्हणत.

त्यांच्या स्वतःच्या घरचा फोटोही तसाच असे. थोरले भाऊ यासीनभाई आखातात होते. ईदेच्या सकाळी अंगणात खुर्चीवर अम्मा बसायच्या, मागे सगळं घर, आणि अम्मांच्या खांद्याशी यासीनभाईंची जागा. एखादं पोर तिथे घुसलं की अम्मा त्याचा कान धरून बाजूला करत. हमीदभाई स्वतः कॅमेऱ्यामागे. ते फोटोत नसतात, हे आमच्यापैकी कुणाच्या कधी लक्षातही आलं नाही.

आमची दोस्ती जमली ती लेन्समुळे. त्यांचा जुना कॅमेरा खाऱ्या हवेने गंजून बंद पडला, तेव्हा यासीनभाईंनी तिकडून नवा धाडला. सोबत नवी लेन्सही होती. पण हमीदभाईंचा जीव जुन्या लेन्समध्ये. पावसाळ्यात तिला बुरशी लागू नये म्हणून ते ती फडक्यात गुंडाळून भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवत, आणि त्यावरून रुकय्याभाभी त्यांना सारखं चिडवत, की घरात सवत ठेवली आहे आणि वर तिला भातही आमचाच. ही सवत काही नव्या कॅमेऱ्यावर बसेना. आटेच वेगळे. एका संध्याकाळी हमीदभाई दोन्ही वस्तू टॉवेलात बांधून माझ्या खोलीवर आले आणि लेथवर मधलं एक कडं करून देशील का, म्हणून विचारू लागले.

सुपरवायझरला विचारून मी भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचं कडं केलं. लेन्स बसली झकास. स्टुडिओबाहेर येऊन पुलाकडे धरली, तर पूल नुसता धुरकट. मी कडं पातळ केलं, आणखी पातळ केलं, फरक पडेना. शेवटी कळलं की नवा कॅमेराच आतून जास्त खोल आहे. लेन्स हवी तेवढी आत जाणारच नव्हती. तिला आता हाताच्या अंतरावरचंच दिसणार होतं. मी तोंड पाडून उभा, आणि हमीदभाई हसत होते.

"दूरचं बघायला भाऊ गेला हाय की. आपण जवळचं बघू."

मग ग्रुपला नवी लेन्स आणि चेहऱ्याला जुनी, असा कारभार सुरू झाला. म्हाताऱ्यांचे फोटो तर जुन्या लेन्सनेच. नवी लेन्स सुरकुत्या मोजते, ही वळखते, असं त्यांचं मत होतं, आणि ते फोटो पाहिले की मला ते पटायचं.

पुढे अम्मा अंथरुणाला खिळल्या. यासीनभाईंना रजा मिळेना. अम्मा रोज विचारत, यासीन निघाला काय? हमीदभाई होकार देत आणि बाहेर येऊन ओट्यावर बसून राहत. एका सकाळी त्यांनी डब्यातून ती जुनी लेन्स काढली. तिला लांबून काही दिसेचना, म्हणून गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसून त्यांनी अम्मांचा चेहरा टिपला आणि तो फोटो आखातात पाठवला. यासीनभाई आले ते दफन झाल्यावर. तो फोटो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

पुढच्या ईदेला यासीनभाई घरीच होते. ते परत गेलेच नाहीत. फोटोसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा त्यांनी मध्ये अम्मांची जागा सोडली. मी तिथेच होतो. हमीदभाई कॅमेरा सोडून पुढे आले आणि भावाचा दंड धरून हळूच म्हणाले,

"येणाऱ्याची जागा सोडतात, भाईजान. गेलेल्याची नाय. सरका."

यासीनभाई सरकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हमीदभाईंनी ते थांबायची वाट न पाहता फोटो काढला.

आता हमीदभाईही नाहीत. भाभींनी ती लेन्स तांदळाच्या डब्यासकट मला दिली. माझ्या मुलाने तिच्यासाठी बाजारातून तयार कडं आणलं आणि ती माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. हे नवे कॅमेरे आतून उथळ असतात. मी सहज पुलाकडे धरली, आणि पडद्यावर पुलाचा कठडा, त्यावरून चाललेला सायकलवाला, सगळं लख्ख. ज्याला हे दाखवावं तो माणूस नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

हमीदभाई गेले त्या वर्षी ईदेचा फोटो मी काढायला गेलो. यासीनभाई आता थकले आहेत. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि आपल्या शेजारी एक जागा सोडली. सरका म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांनाच ते कळलं असावं. म्हणाले, हमीदचं बोलणं माझ्या ध्यानात हाय, पण तो एकदाही फोटोत उभा नाय राहिला, आज तरी राहू दे.

रुकय्याभाभी टोकाला उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावरच्या त्या जुन्या लेन्सकडे पाहिलं.

"जागा कशाला ठेवता, भाईजान? ते तिकडंच हायत, रोजच्या जागेवर."

आणि त्या स्वतः चालत येऊन त्या जागेत उभ्या राहिल्या.