न केलेल्या समुद्रप्रवासाचे मावंदे

मी आजवर बोटीवर पाऊल ठेवलेले नाही. परंतु माझ्या समुद्रप्रवासाचे मावंदे दीडशे माणसे जेवून गेली आहेत.

या प्रकरणाच्या सध्या जळगावात तीन आवृत्त्या प्रचलित आहेत: माझ्या पत्नीची, पुण्यातील चिरंजीवांची आणि शेजारच्या भिका नानांची. तिन्ही सदोष आहेत. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. साक्रीच्या डोंगरउतारांपासून जामनेरच्या काळ्या रानांपर्यंत मी लोकांच्या बांधांची भांडणे मिटवली. (पत्नी म्हणते, लावली.) तेव्हा काय घडले हे मोजूनमापून सांगण्याचा अधिकार माझाच आहे.

पत्नी कुसुम मूळची पहूरची. वयाची पासष्टी उलटली तरी तिने समुद्र पाहिलेला नव्हता. तीस वर्षे गल्लीचे ब्लाउज शिवून तिने जे साठवले, त्यातून मुंबईहून निघणाऱ्या पाच दिवसांच्या क्रूझचे आरक्षण झाले. पैसे तिचे आणि निर्णय माझे, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे.

"आदल्या दिवशी रेल्वेनं जाऊ," ती म्हणाली. "दादरला माझ्या मावसबहिणीकडे राहू. सकाळी निवांत बोटीवर."

"विमान तासाभरात मुंबईत उतरते. तुझ्या मावसबहिणीकडे तासाभरात चहासुद्धा होत नाही."

आरक्षण विमानाचे झाले. चिरंजीवांनी फोनवर सुचवले, "बाबा, प्रवासाचा विमा काढून घ्या." मी बजावले की, विमा काढणे म्हणजे संकटाला आपण होऊन पत्ता कळवणे. (तो विमा त्याच दुपारी मायलेकांनी माझ्या पाठीमागे काढला, हे मला नंतर समजले.)

आता मावंद्याविषयी. काशीहून सुखरूप परतल्यावर जसे गल्लीला जेवण घालतात, तसेच समुद्राहून परतल्यावर का घालू नये, असा माझा विचार होता. पत्रिका मी निघण्यापूर्वीच वाटल्या. त्यात उतावळेपणा नव्हता. हिवाळ्यात जळगावात भरिताचा आचारी आयत्या वेळी मिळतो, असे ज्याला वाटते त्याने तो मिळवून दाखवावा.

निघण्याच्या सकाळी गल्लीने आम्हाला हार घातले. भिका नानांनी फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर माझ्या डोक्याला कप्तानाची टोपी चिकटवून खाली लिहिले होते: 'अथांग सागराची सफर यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' दोन फ्लेक्सचा खर्च कशाला, म्हणून त्यांनी परतीचाच तेवढा छापून घेतला होता.

विमानतळावर धुके होते. विमान आधी एक तास उशिरा, मग दोन तास उशिरा आणि अखेरीस रद्द. बोट दुपारी चारला मुंबईहून सुटणार होती. मी काउंटरवरील मुलीला शांतपणे विचारले, "कोणते धुके? समोरचा लिंब मला स्वच्छ दिसतो आहे. अंतर दोनशे मीटर."

"सर, वैमानिकाला दिसायला हवं ना."

"त्यांना इकडे बोलवा. मी दाखवतो."

पत्नीच्या आवृत्तीनुसार मी दीड तास भांडलो आणि तेवढ्यात मुंबईची गाडी निघून गेली. असत्य. चर्चा सव्वा तास चालली, आणि ती गाडी पकडूनही बोट मिळाली नसती. या चर्चेच्या आडून पत्नीने त्या मुलीकडून विमान रद्द झाल्याचे पत्र गुपचूप लिहून घेतले, हेही मला नंतर समजले. माझ्या आयुष्यात बरेच काही मला नंतर समजते.

आम्ही रिक्षाने घरी परतलो, मागल्या दाराने आत शिरलो आणि पुढल्या दाराचे कुलूप तसेच राहू दिले.

"सरळ सांगा ना लोकांना, विमान आलं नाही म्हणून," पत्नी म्हणाली.

"पत्रिका वाटल्यात, कुसुम."

पाच दिवस आम्ही बंद घरात काढले. दिवा नाही, दूरदर्शन नाही, कुकरची शिट्टी नाही. प्रवासासाठी घेतलेले केळ्यांचे वेफर्स तेवढे होते. पण वेफर्स चावताना वाजतात, म्हणून ते चहात भिजवून खावे लागले. (हा प्रयोग कोणी करू नये.) पत्नी शयनगृहात पांघरुणाखाली कोणाशी तरी फोनवर कुजबुजत असे. मला वाटले, मावसबहीण असावी. ती विमा कंपनी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिका नाना आमच्या खिडकीखाली एका केळी-व्यापाऱ्याशी बोलत उभे राहिले. नाना मूळचे साक्रीकडचे. एसटीतून निवृत्त झाले, पण आवाज अजून घंटी मारल्यासारखाच.

"एकर म्हंजे छत्तीस गुंठा," नाना म्हणाले.

मी उशी तोंडावर धरली.

"छत्तीसच का, नाना?" व्यापारी म्हणाला.

"छत्तीसच. मी सांगस ना."

ज्याने हयातभर मोजणीची साखळी ओढली, त्याने हे किती वेळ ऐकावे? मी म्हणालो, "चाळीस."

मग पावले दूर गेली. मी ओरडलो, असे चिरंजीव पुण्यात बसून सांगतात. मी ओरडलो नाही. मी दुरुस्ती केली.

सहाव्या दिवशी पहाटे मागल्या दाराने निघून आम्ही रेल्वे स्टेशनवर गेलो, चहा घेतला आणि बॅगांसह पुढल्या दाराने परतलो. पुन्हा हार झाले. नाना हार घालताना जरा जास्तच हसत होते, परंतु मी त्याचा अर्थ आनंद असा लावला.

दुसऱ्या दिवशी मावंदे. दारात मांडव, त्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. पंगत बसली तेव्हा आग्रह झाल्याने मी चार शब्द बोललो. (आग्रह मीच केला, ही नानांची आवृत्ती.) डेकची लांबी, रुंदी, लाटांची उंची, सारे मी मापांसह सांगितले. "आणि सूर्यास्त," मी म्हणालो, "सूर्यास्त तर असा की..."

"नमस्कार," मागून आवाज आला. "मी निकम. विमा कंपनीच्या धुळे ऑफिसमधून आले. कुसुमताईंचा दावा आहे, विमान रद्द झाल्यामुळे बोट चुकल्याचा. चौकशीला यावं लागतं." त्या तरुण बाईंनी फ्लेक्सकडे पाहिले, टोपीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आबा, तुम्ही गेला होतात का बोटीवर?"

दीडशे घास हवेत थांबले. पत्नी पुऱ्यांचे ताट घेऊन उभी होती. शिवणयंत्रावर बसून अधू झालेल्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे फक्त पाहिले. हो म्हटले तर माझी मान ताठ राहत होती आणि तिचा समुद्र कायमचा जात होता.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही घरातच होतो."

मला वाटले, आता मांडव कोसळेल.

"हाई तं बठ्ठी गल्लीले माहीत शे, आबा," भिका नाना पुरी मोडत म्हणाले. "कुलूप लायेल घरम्हाईन 'चाळीस' कोन वरडनं मंग?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"भरीत कोन सोडी?"

निकम मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "साक्षीदारांचा लेखी जबाब मिळाला तर काम होईल." गल्लीने हात धुण्यापूर्वीच जबाब दिला. उरलेल्या पत्रिकांच्या पाठीमागे तेलकट बोटांनी सह्या झाल्या. मजकूर असा: 'अर्जदारांचे पती सदर काळात घरातच होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आतून "चाळीस" असे ओरडून सांगितले.' खाली माझी सही हवी होती.

"'ओरडून' हा शब्द काढा," मी म्हणालो.

"सही करा," पत्नी म्हणाली. "मला समुद्र पाहायचाय."

मी सही केली. मात्र सहीशेजारी कंसात 'ओरडलो नाही' असे नमूद केले. त्यामुळे तो कागद धुळ्याहून परत आला. दुसऱ्या वेळी पत्नीने सहीपुरती जागा सोडून बाकी कागदावर तळहात ठेवला, आणि दावा मंजूर झाला.

आता नवे आरक्षण झाले आहे. आदल्या दिवशी रेल्वेने प्रस्थान, दादरला मुक्काम, सकाळी निवांत बोट. तिकिटे दोन: एक पत्नीचे, एक मावसबहिणीचे. ती मला सोडून चालली आहे, असे गल्लीत बोलले जाते. चूक. घर राखण्यासाठी मी स्वेच्छेने मागे राहिलो आहे.

त्या काळात मी घरी आहे किंवा कसे, याची कोणाला खात्री करायची असल्यास दार वाजवू नये. खिडकीखाली उभे राहून फक्त 'छत्तीस' म्हणावे.